वेग विकता, मग आधी शिकवा!

मंडळी, मालवणच्या किनाऱ्यावर वॉटर स्कूटर पहिल्यांदाच पाहिली. बाहेर पंखा नाही; आतला पंप पाणी ओढून मागे जोरात फेकतो आणि ती पुढे उसळते. गंमत आहे खरी! पण वळते तीही त्याच फवाऱ्यावर. नवखा माणूस घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, फवारा मंदावतो. मग हँडल फिरवले तरी ती बहुधा सरळच जाते. हँडल हाती देण्याआधी हे सांगायला नको?

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची बोट ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. १५ जीव गेले. तिथे तर चालवणारे प्रशिक्षित होते!

आमच्या तीर्थपुरीकडे पोराला विहिरीत सोडतानाही आधी पाठीला भोपळा बांधत. लाइफ जॅकेट हा तुमचा भोपळा. तो बसणाऱ्याला वाचवेल. समोर पोहणाऱ्याचे काय? शिकवल्याशिवाय हँडल देऊच नका.