पुढची जागा कोणाची?

मृगाच्या सरी जमिनीत मुरू लागतात, शाळांच्या घंटा पुन्हा वाजतात, संस्थांचे मार्चअखेरचे हिशेब लेखापरीक्षकाच्या टेबलावर जाऊन पडतात आणि अशातच २६ जून उगवतो. राजर्षी शाहू महाराजांची जयंती. राज्यभर तो सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. आपण पुतळ्याला हार घालतो, दिंडी काढतो, व्याख्यान ठेवतो आणि शाहूंचा वारसा सरकारने किती चालवला याचा जमाखर्च हिरिरीने मांडतो. आपल्याच गावातील वाचनालय, वसतिगृह, धर्मादाय दवाखाना, देवस्थानचे अन्नछत्र यांच्या विश्वस्त मंडळांकडे मात्र ती नजर सहसा वळत नाही.

वळायला हवी, कारण शाहूंच्या कामाचा एक धागा थेट तिथेच पोहोचतो. १८९६ मध्ये कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयाच्या आश्रयाने सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह निघाले. दार सर्वांना उघडे होते. कारभार मात्र एकाच वर्गाच्या हाती होता, आणि काही वर्षांतच राहणारी मुलेही त्याच वर्गाची उरली. महाराजांनी त्यातून जो बोध घेतला तो आजही अनेक संस्थांना उमगलेला नाही: प्रवेश कोणाला मिळणार हे दारावरच्या पाटीवर नव्हे, आतल्या बैठकीत ठरते. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. त्या त्या समाजातली माणसे आपल्या मुलांच्या शिक्षणाची धुरा वाहू लागली.

मराठा बोर्डिंगच्या पुढच्याच वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, कोल्हापूर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखणारा हुकूम निघाला. त्याची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातला कारभारी शहाणपणा फारसा सांगितला जात नाही. ज्या कचेरीत हे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथली पुढची नेमणूक या वर्गातील माणसाचीच व्हावी, आणि खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी त्याचा तक्ता पाठवावा, असे त्यात बजावले होते. असलेल्या कोणाला उठवले नाही. फक्त पुढच्या जागेवर बोट ठेवले.

आपल्या संस्थांत ही पुढची जागा कशी भरते? ती रिकामी होते बहुधा निधनाने. शोकसभा होते, भिंतीवर तसबीर चढते, आणि अध्यक्षांना विश्वासातला माणूस आठवतो. तो दिवंगतांचा मुलगा असतो, व्याही असतो, निदान त्याच आळीतला असतो. संमतीपत्र येते, नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल होतो. कायद्याने सारे यथासांग. आणि कार्यालयातल्या रंगवलेल्या फलकावर तीच दोन-तीन आडनावे तीन पिढ्या नांदत राहतात. एखादी महिला विश्वस्त असते, पण तिच्यासाठी प्रोसिडिंग बुक शिपायाकरवी घरी जाते: सहीपुरते.

यात दरवेळी कपट असते असे नाही. विश्वस्तपद बिनपगारी आहे, हिशेबात चूक निघाली तर उत्तरदायी व्हावे लागते, तेव्हा पारखलेला माणूस हवासा वाटणे स्वाभाविकच. पण पारखले कोणाला, तर जे आधीपासून ओसरीवर बसत आले त्यांना. इचलकरंजीसारख्या गावाचा विचार करा. यंत्रमागावर रात्रपाळी करणारे कामगार उत्तरेतूनही आले, कर्नाटकातूनही. इथे त्यांचे संसार थाटले, मुले इथल्याच शाळांत शिकली. असे गाव ज्या दवाखान्यात औषध घेते त्याच्या मंडळावर यंत्रमागाचा खडखडाट कानांनी ऐकलेला एकही माणूस नसेल, तर बाह्यरुग्ण विभागाची वेळ सकाळी दहा ते एक हीच का, हा प्रश्न कोण विचारणार? रात्रपाळी करून आलेला माणूस तेव्हा गाढ झोपेत असतो.

प्रामाणिक इच्छा असलेली मंडळे म्हणतात, आम्ही सूचना लावली होती, कोणी आलेच नाही. सूचना लागते संस्थेच्याच फलकावर, जिथे विश्वस्तच ती वाचतात. ती रेशन दुकानाशी, अंगणवाडीच्या भिंतीवर, मशिदीजवळच्या चहाच्या टपरीवर लागली, त्यात काम काय, महिन्यातून किती वेळ जाईल, जबाबदारी कोणती हे साध्या शब्दांत लिहिले, आणि बैठक मंगळवारी सकाळी अकराऐवजी रविवारी संध्याकाळी घेतली, तर माणसे येतील. आशा सेविका येईल, निवृत्त बसवाहक येईल, चाकाच्या खुर्चीवरचा पदवीधर येईल. अर्थात जिना चढायला लावला नाही तर. आधी वर्षभर एखाद्या उपसमितीत त्यांनी काम केले की पारखण्याची हौसही भागते. संस्थेच्या घटनेतच वारसाहक्काची वाट कोरलेली असेल, तर ती घटना दुरुस्त करण्याची रीतही कायद्यात आहे.

आता वार्षिक सभांचा हंगाम येईल. हिशेबांना मंजुरी, लेखापरीक्षकांची नेमणूक, अभिनंदनाचे ठराव, आणि सर्वांत शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. विश्वस्ताची जागा बहुतेकदा या शेवटच्या कलमात, चहाचे कप फिरू लागल्यावर, भरली जाते. यंदा ती विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाला छापून घ्यावी आणि नोटीस निघण्याआधी महिनाभर गावात कळवावे. सभासद म्हणून तेवढी मागणी करायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.