औषधाच्या खिडकीपाशी

2 जुलै 2012 रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळू लागले. 2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले. आता हे संरक्षण 5 लाखांचे आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण टाकावे लागत नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पण योजना ओळखते ती मुख्यतः खाटेवरच्या रुग्णाला. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांचा भार अजून घरावरच पडतो. सरकारी दवाखान्यात त्या संपल्या असतील तर बाहेरून आणायच्या, आणि हातात पैसे नसतील तर एक दिवसाआड घ्यायच्या. अशी काही वर्षे गेली की मूत्रपिंडे थकतात. मग डायलिसिस योजनेतून होते! इतक्या उशिरा पोचणारी मदत आपण पुरेशी कशी मानायची? शिवाय योजनेतली मोठी रुग्णालये शहरांत. धडगावहून, भामरागडहून तिथवर आलेल्या बाईसोबत नवरा आठवडाभर व्हरांड्यात झोपतो. त्याची बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही.

विम्याची मर्यादा वाढली, चांगले झाले. यापुढचा पहिला रुपया प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधाच्या खिडकीवर खर्च व्हावा, अशी आमची मागणी आहे. गोळ्या तिथे बाराही महिने मिळायला हव्यात.