कागदावर ३४६, पोटात ४९९

मागच्या रविवारी आमच्या वर्कशॉपमधला एक नाईक चहाच्या वेळी माझ्याकडे आला. करोल बागेत जाऊन बुलेटसाठी टोकन देऊन आला होता. "उस्ताद, ३५० ची ५०० करून घेतोय. जूनच्या सुट्टीत लडाख!" चेहरा असा, जणू बढतीचा कागदच हातात पडलाय.

दिल्ली कँटला पोस्टिंग झालेल्या फौजीला करोल बागेतली बुलेटची दुकानं दाखवावी लागत नाहीत, पाय आपोआप तिकडे वळतात. फौज आणि बुलेटचं नातंच तसं जुनं. पन्नाशीच्या दशकात फौजेने ३५० च्या बुलेट मागवल्या आणि १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. त्यामुळे पोराचा उत्साह मला समजतो. तरी माझं मत सरळ सांगतो: ३५० ची ५०० करू नका.

आधी काम काय असतं ते पाहा. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक ९० मिलिमीटर. फरक बोअरचा. ३५० चा ७० मिलिमीटर, ५०० चा ८४. म्हणून मिस्त्री म्हणतो, "बॅरल-पिस्टन बदला, झालं." पण मोठा बॅरल बसायला क्रँककेसचं तोंड लेथवर मोठं करावं लागतं. हेड बदलावं लागतं, कार्ब्युरेटर जुळवावा लागतो, जड पिस्टनसाठी फ्लायव्हीलचं संतुलन पुन्हा साधावं लागतं. यातलं निम्मं काम गल्लीत होतं, उरलेलं अंदाजावर सुटतं. ब्रेक आणि क्लच मात्र ३५० चेच राहतात.

आणि मिळतं काय? जुन्या कास्ट आयर्न इंजिनात कंपनीची स्वतःची ३५० साधारण १८ अश्वशक्तीची होती आणि ५०० साधारण २२ ची. क्षमता ४४ टक्के वाढली, ताकद चार अश्वशक्तीने. चढावर फरक जाणवतो, हे मी नाकारत नाही. खारदुंग ला वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, तिथे मोठं इंजिन बरंच. पण जेटिंग, टॅपेट आणि चेन नीट असलेल्या ३५० वर लोक वर्षानुवर्षं लडाखला जाऊन आलेत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी स्वतः हा उद्योग केलाय. २००८ साली, दिल्लीच्याच पहिल्या पोस्टिंगमध्ये. ट्रेडने मी व्हेइकल मेकॅनिक, दिवसभर फौजेच्या गाड्या उघडायचो आणि स्वतःची गाडी मात्र गल्लीत सोडून आलो. दोन महिने मजेत गेले. मग एका पहाटे बायकोला मागे बसवून जयपूरला निघालो. मानेसरच्या पुढे इंजिनाचा आवाज बदलला आणि पुढच्या क्षणी मागचं चाक जाम. मेन जेट लहान राहिला होता. पेट्रोल कमी पडलं, पिस्टन तापून फुगला आणि बॅरलमध्ये आवळला. क्लचवर बोटं होती म्हणून चाक सुटलं आणि गाडी कडेला आली. मागचा ट्रक हॉर्न देत हातभर अंतरावरून गेला. बायको काही बोलली नाही. नुसती रस्त्याच्या कडेला बसून राहिली. ते बसणं मी अजून विसरलेलो नाही.

त्या दिवशी आम्हाला काही झालं असतं तर? इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, तो बदलत नाही. म्हणून वाटतं, कुणाला कळणार आहे? आर.सी. वर ३४६, पोटात ४९९. पण अपघातानंतर सर्व्हेअर इंजिन उघडू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचंही बघा. २०२२ च्या दरांनुसार ३५० सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता १,३६६ रुपये, त्यावरच्या गाडीचा २,८०४. म्हणजे आपण हप्ता भरतो एका गाडीचा आणि चालवतो दुसरीच. दावा अडवायला कंपनीला याहून चांगलं कारण कुठलं?

फौजीने हे जास्त ओळखायला हवं. आपण सहा-सहा महिने घराबाहेर असतो. आपल्यामागे घरच्यांच्या हातात कागदच असतात. नॉमिनी, पॉलिसी, आर.सी. त्यातला एक कागद आपण मौजेसाठी खोटा करतो.

ज्याला ५०० च हवी, त्याने ५०० च घ्यावी. कंपनीने ती २०२० मध्ये बंद केली, तरी जुन्या बाजारात चांगल्या मिळतात, आर.सी. सकट.

नाईकाने सगळं ऐकलं. म्हणाला, "उस्ताद, टोकनचे पैसे बुडतील." म्हटलं, बुडू देत. माझा त्याहून जास्त खर्च झाला होता.

काल संध्याकाळी तो ३५० घेऊन आला. आम्ही दोघांनी टॅपेट सेट केले. ब्रेक शू पुढच्या रविवारी.

जय हिंद.