'पानी' कापू नका

सत्तरी ओलांडल्यावर पॉडकास्ट सुरू केला. विषय साधाच, गावाकडच्या आठवणी. नातवाने मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून दिलं. दुसऱ्या भागानंतर एका आप्तांचा फोन, "अण्णा, तुम्ही मास्तर असून 'पानी' म्हणालात! तेवढं काढून टाका."

पुन्हा ऐकलं. खरंच की! आईबरोबर विहिरीवर जायचो ते सांगताना तोंडातून 'पानी'च आलं होतं. याच शब्दासाठी ३४ वर्षं मी पोरांना बाकावर उभं केलं. त्यातली काही पुढे वर्गात तोंडच उघडेनाशी झाली. मला ती शिस्त वाटायची!

आज विचारतो, 'पानी' म्हटल्याने कुणाची तहान भागायची राहिली? साहित्य महामंडळाचे लेखननियमसुद्धा सांगतात की पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावी. कथेतल्या पात्राला जो मान, तो वर्गातल्या पोराला का नाही? निबंधात 'पाणी' जरूर शिकवा. पण पोरांची तोंडं बंद करून कुठली भाषा वाढते?

नातू म्हणाला, "आजोबा, दोन मिनिटांचं काम आहे. कापू?" म्हटलं, राहू दे, ते माझ्या आईचं आहे.

आणि जुने विद्यार्थी वाचत असतील तर, चुकलो रे पोरांनो.