भिशीचे कौतुक पुरे

अंथुर्णे हे इंदापूर तालुक्यातील, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातले उसाचे गाव. भवानीनगरचा साखर कारखाना जवळच. अशा बागायती मुलखातही खुरपणीला जाणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला पैसा उभा करते तो भिशीतून. आणि सत्कारसमारंभांतून याचेच ‘स्वावलंबन’ म्हणून गोडवे गायले जातात. गाणारे बहुधा स्वतः भिशीवर जगणारे नसतात.

समजा, वीस बायका दरमहा ५०० रुपये घालतात. पहिल्या महिन्यात जिची चिठ्ठी निघते तिला १० हजारांचे बिनव्याजी कर्ज मिळते. शेवटच्या चिठ्ठीवालीची बचत महागाईने झिजते. तरीही ही परस्परांची उसनवारी आहे, तिच्यात माणुसकी आहे. लिलावाच्या भिशीत ती उरत नाही. घरात आजारपण निघाले की नडलेली बाई १० हजारांची भिशी ८ हजारांना उचलते, आणि उरलेले २ हजार सर्वांत वाटले जातात. जिची नड मोठी, तिच्याच पदरातून इतरांची कमाई!

शिवाय भिशीत बाहेरचे भांडवल येतच नाही. विसांची मजुरी विसांतच फिरते. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक. तो मोडला की बागायतदार मजुरी थकवतो आणि विसाही जणींचा हप्ता एकदम चुकतो. संकट सर्वांवर एकाच वेळी येते तेव्हा कोणी कोणाला सावरायचे?

१९९२ मध्ये नाबार्डने ५०० बचतगट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभला, तो स्वागतार्हच होता. परंतु ज्याच्या नावे सातबारा आहे त्याला, वेळेवर फेड केल्यास, ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज महाराष्ट्रात २०२१ पासून शून्य टक्क्याने. आणि भूमिहीन बाईने मात्र गटातून शेकडा दोनने, म्हणजे वर्षाला २४ टक्क्यांनी घ्यावे! (ते व्याज निदान गटातच राहते.) तेवढ्याने भागले नाही तर सूक्ष्मवित्त कंपन्या आहेतच, २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्याजदर ठरवण्याचा अधिकार त्यांच्याच संचालक मंडळांकडे सोपवला.

मे १८७५ मध्ये जवळच्याच सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या दंग्याची झळ इंदापूर तालुक्यालाही लागली. सरकारला १८७९ मध्ये कायदा करावा लागला, पण त्याने संरक्षण दिले ते शेतकऱ्याला. शेतमजूर स्त्री तेव्हाही हिशेबात नव्हती.

मागणी साधी आहे. सातबारा नसलेल्या मजूर कुटुंबाला तालुक्यातील प्रत्येक बँकशाखेने पीककर्जाच्याच दराने, विनातारण कर्ज द्यावे. पैसा बुडेल, असे व्यवस्थापकांना वाटत असेल तर त्यांनी एखाद्या भिशीची वही उघडून पाहावी. तारण नाही, वकील नाही, जप्ती नाही, आणि मजुरी हातात पडली की पहिला हप्ता भिशीचाच जातो.