घरचा संगणक : अपुऱ्या जागेत अभ्यास



कळमनुरी तालुक्यातील एका भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांची कन्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. ताई लिहितात, "भाऊ, नांदेडला नोकरीस असलेल्या माझ्या भावाने त्याचा जुना संगणक आम्हाला दिला. विंडोज फार अडखळत होते म्हणून ओळखीच्या मुलाने त्यात लिनक्स घालून दिले. अभ्यासाला ठीक चालतो. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसले की कागदपत्रे जोडता जोडता सगळे पडद्यावरून गायब होते. तीन वेळा झाले. पोरगी रडते. म्हणते, मला काही येत नाही, मीच काहीतरी चुकीचे दाबते. सोयाबीन काढणीचे दिवस आहेत. तालुक्याला जाऊन अर्ज भरायचा तर दोघींची मजुरी बुडते. हा संगणक भंगारात द्यावा काय?"

ताई, संगणक भंगारात देऊ नका. आणि त्याआधी लेकीला जवळ घेऊन सांगा, की तुझे काहीही चुकले नाही. मी फोनवर तिला दोन-चार गोष्टी तपासायला लावल्या. दोष यंत्रातील एका उणिवेचा निघाला. ही उणीव पैसा खर्च न करता भरून काढता येते. असेच जुने संगणक आज अनेक घरांत, अभ्यासिकांत, विहारांत आहेत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून कचेऱ्यांतून निघालेली यंत्रे आपल्या वस्त्यांपर्यंत आणखी येऊ लागली आहेत. म्हणून हा विषय सर्वांसाठीच घेतो.

अर्ज गायब का होतो?

संगणकात जागा दोन प्रकारची असते. एक म्हणजे स्मृती, तिला रॅम म्हणतात. चालू काम इथे मांडलेले असते. वीज गेली की ती रिकामी होते. दुसरी म्हणजे डिस्क. ती मोठी असते, पण संथ. फाइली, फोटो, पुस्तके इथे जपून ठेवलेली असतात.

एका खोलीचे घर डोळ्यांसमोर आणा. ही खोली म्हणजे रॅम. कोपऱ्यातील मोठी पेटी म्हणजे डिस्क. रात्री खोलीत अंथरुणे पसरतात. सकाळी ती गुंडाळून पेटीत जातात, तेव्हा स्वयंपाकाला नि अभ्यासाला जागा होते. खोली तेवढीच राहते, पण जे या घडीला लागत नाही ते उचलून ठेवल्याने घर चालते. संगणकही असेच करू शकतो. जे काम काही वेळ वापरात नाही, ते स्मृतीतून उचलून डिस्कवरील एका राखीव जागेत ठेवतो आणि गरज पडली की परत आणतो. या राखीव जागेला स्वॅप म्हणतात. स्वॅप म्हणजे अदलाबदल.

ताईंच्या संगणकात रॅम आहे दोन जीबी, आणि स्वॅप मुळीच नाही. लिनक्स बसवताना काही प्रकारांत 'नो स्वॅप' असा पर्याय समोर येतो. घाईत तो तसाच राहिला असावा. आता आजकालचे ब्राउझर एवढे अवजड झाले आहेत की दोन-तीन पाने उघडली तरी दीड जीबी सहज भरते. त्यात जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका अशा स्कॅन केलेल्या प्रती जोडायच्या. स्मृती काठोकाठ भरते. उचलून ठेवायला पेटी नसते. अशा वेळी लिनक्स संपूर्ण यंत्र वाचवण्यासाठी सर्वांत जास्त जागा अडवणारा एखादा कार्यक्रम निवडून बंद करून टाकते. पडद्यावर बहुधा काही सूचनाही येत नाही. सर्वांत मोठा कार्यक्रम म्हणजे ब्राउझर, आणि ब्राउझरमध्ये आपल्या मुलीचा अर्धा भरलेला अर्ज!

जागा तेवढीच, पाळी बदलायची

बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेतील एक प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. परळच्या चाळीत त्यांचे कुटुंब राहत होते. अभ्यासाची खोली इतकी लहान आणि सामानाने इतकी भरलेली की एका वेळी एकालाच आडवे होता येई. तेव्हा सुभेदार रामजींनी तोड काढली. भीमाला लवकर झोपवायचे आणि आपण रात्री दोनपर्यंत जागे राहायचे. दोन वाजले की मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच जागेवर आपण पाठ टेकायची. त्याच मुलाने १९०७ साली मॅट्रिकची परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाला. खोली वाढली नाही, पण पाळी लावल्याने अभ्यास झाला. स्वॅप समजावून सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही.

लिनक्समध्ये ही सोय आली तीही एका अपुऱ्या यंत्रासाठीच. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्डस याने ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची वार्ता जगाला दिली. त्याच वर्षअखेरीस जर्मनीतील एका माणसाने त्याला कळवले, की माझ्या संगणकात दोनच एमबी स्मृती आहे, एवढ्यात लिनक्सची जुळणी पुरी होत नाही. टोरवाल्डसने नाताळच्या सुटीत बसून स्मृतीतील मजकूर डिस्कवर नेण्याची व्यवस्था लिहिली. जानेवारी १९९२ च्या ०.१२ या आवृत्तीत ती सर्वांना मिळाली. ज्याच्याजवळ कमी आहे त्याला "नवीन यंत्र घे" असे न सांगता, आहे त्यात त्याचे काम कसे होईल हे पाहिले गेले. ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

करायचे कसे?

मुलांनी हे स्वतः करावे, मोठ्यांनी शेजारी बसावे. आज्ञा इंग्रजी अक्षरांत व इंग्रजी आकड्यांनीच टंकायच्या आहेत. येथे फक्त त्यांचे उच्चार दिले आहेत. प्रत्येक शब्दानंतर एक मोकळी जागा सोडावी.

पहिली पायरी, तपासणी. कंट्रोल, आल्ट आणि टी या तीन कळा एकदम दाबल्या की बहुतेक लिनक्समध्ये टर्मिनल नावाची चौकट उघडते. नाहीतर ती मेनूत शोधावी. तिच्यात 'फ्री' हा शब्द, मग आडवी रेघ व तिला जोडून एच, असे टंकून एंटर दाबावे. 'मेम' ही ओळ रॅमची, 'स्वॅप' ही ओळ राखीव जागेची. स्वॅपच्या ओळीत सगळी शून्ये असतील तर आपल्याकडे पेटी नाही. याच रीतीने 'डीएफ' आणि आडव्या रेघेला जोडून एच टंकले की डिस्कवर किती जागा शिल्लक आहे ते दिसते. स्वॅपला दिल्यावरही निदान पाच-सहा जीबी मोकळे राहिले पाहिजेत.

दुसरी पायरी, जागा राखणे. पुढील प्रत्येक आज्ञेच्या आधी 'सुडो' टंकावे, म्हणजे एस-यू-डी-ओ. त्याचा अर्थ, घरातील कर्त्या माणसाच्या अधिकाराने. पासवर्ड विचारला जाईल. तो टंकताना पडद्यावर काहीही उमटत नाही. घाबरू नये, टंकून एंटर दाबावे. आज्ञा अशी : सुडो, नंतर एफ या अक्षराला जोडून अ‍ॅलोकेट, नंतर आडव्या रेघेला जोडून लहान एल, नंतर २ ला जोडून मोठा जी, आणि शेवटी तिरक्या रेघेला जोडून स्वॅपफाइल. एवढ्याने दोन जीबीची जागा राखली जाते. एक ते दोन जीबी रॅम असलेल्या यंत्राला दोन जीबी स्वॅप बहुधा पुरते. डिस्क मोठी असेल तर चार ठेवावे. त्याहून जास्त ठेवून फायदा नाही.

तिसरी पायरी, कुलूप. सुडो, सी-एच-एम-ओ-डी, ६००, तिरकी रेघ-स्वॅपफाइल. ही पायरी कोणीही वगळू नये. स्मृतीतील काहीही या फाइलीत जाऊ शकते, पासवर्डसुद्धा. ६०० या आकड्याने ती इतरांना वाचण्यास बंद होते. अभ्यासिकेतील संगणकावर दहा जण बसतात, तिथे तर हे फारच महत्त्वाचे.

चौथी पायरी, आखणी. सुडो, मग एम-के या अक्षरांना जोडून स्वॅप, मग तिरकी रेघ-स्वॅपफाइल.

पाचवी पायरी, सुरू करणे. सुडो, मग स्वॅप आणि ऑन हे जोडून एक शब्द, मग तिरकी रेघ-स्वॅपफाइल. आता पुन्हा 'फ्री'ची आज्ञा देऊन पाहावे. स्वॅपच्या ओळीत शून्याऐवजी दोन जीबीचा आकडा दिसेल.

सहावी पायरी, कायम करणे. एवढ्यावर थांबलो तर संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर स्वॅप चालू होणार नाही. त्यासाठी ईटीसी या फोल्डरमध्ये एफ-एस-टॅब नावाची फाइल आहे. आधी तिची एक प्रत काढून ठेवावी. मग सुडोच्या अधिकाराने ती उघडून शेवटी एकच नवी ओळ लिहावी : तिरकी रेघ-स्वॅपफाइल, नन, स्वॅप, एसडब्ल्यू, शून्य, शून्य. आधीच्या ओळींना अजिबात हात लावू नये. त्या बिघडल्या तर संगणक सुरू होण्यातच अडथळा येतो.

काही सावधगिरी

स्वॅप हा आधार आहे, रॅमला पर्याय नाही. डिस्क संथ असल्याने पानांवरून पानांवर जाताना यंत्र थबकेल, डिस्कचा खरखर आवाज येईल. अशा वेळी कळा बडवू नयेत, थोडे थांबावे. यंत्राच्या आत रॅमची पट्टी लावायला खाच रिकामी असेल आणि जुळणारी जुनी पट्टी स्वस्तात मिळत असेल, तर ती आधी घ्यावी. तिचा उपयोग स्वॅपहून कितीतरी जास्त. पेनड्राइव्हवर मात्र स्वॅप ठेवू नये. सतत लिहिण्या-पुसण्याने तो लवकर खराब होतो.

डिस्क फारच संथ असेल तर झेडरॅम नावाची आणखी एक सोय आहे. तीत स्मृतीतील मजकूर डिस्कवर न नेता दाबून, घट्ट करून स्मृतीतच ठेवतात. जणू गाद्या दोरीने आवळून त्याच खोलीच्या कोपऱ्यात उभ्या केल्या. लिनक्सच्या गाभ्यात ही सोय २०१४ पासून पक्की आहे.

आणखी एक. स्वॅपमध्ये गेलेले म्हणजे जपून ठेवलेले नव्हे. वीज गेली की तेही हातचे गेले असे समजावे. आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. म्हणून दर पाच मिनिटांनी काम जतन करण्याची सवय मुलांना लावा.

फार जुने, ३२ बिटचे यंत्र असेल तर अँटिएक्ससारखे हलके लिनक्स घ्यावे. त्याची २०२३ ची आवृत्ती अशा यंत्रांसाठीही निघाली आहे. अधिक शिकायचे असेल तर मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत आणि ते विनामूल्य आहेत.

ताईंच्या घरी काय झाले?

मी फोनवर सांगत गेलो. आज्ञा त्या मुलीनेच टंकल्या. एक अक्षर चुकले तेव्हा यंत्राने आज्ञा ओळखली नाही. ती लगेच म्हणाली, "काका, बघा, माझंच चुकतंय." मी म्हणालो, "बेटा, चुकलेले अक्षर दुरुस्त कर आणि पुन्हा एंटर दाब. चूक एवढीच असते." तिने दुरुस्त केले. पाऊण तासात सहाही पायऱ्या झाल्या. मग बाकीची पाने बंद करून तिने अर्ज उघडला. मधे दोनदा यंत्र थबकले, पण काही बंद पडले नाही. सर्व कागदपत्रे जोडली गेली, अर्ज दाखल झाला, पोचपावतीचा क्रमांक तिने वहीत उतरून घेतला. यंत्र काही वेगवान झालेले नाही, ते संथच आहे. पण आता मुलीला अर्ध्यात सोडत नाही.

वाचकहो, माझ्या मनाला लागले ते ताईंच्या पत्रातील एक वाक्य : "मला काही येत नाही." यंत्राची खोली लहान होती आणि दोष मुलीने स्वतःच्या माथी घेतला. आपल्या किती मुलांचे असे होत असेल! पुस्तक नाही, दिवा नाही, जागा नाही, यंत्र अपुरे, आणि मूल समजते की आपली बुद्धीच अपुरी. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीत 'शिका' हा शब्द पहिला आहे. शिकताना आधी कारण शोधावे, मग दोष कोणाचा ते ठरवावे. कारण न शोधता स्वतःला दोष देणे हे आपल्या धम्माच्या शिकवणीतही बसत नाही.

तेव्हा एक काम करा. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अभ्यासिकेतील जुने संगणक उघडा. ज्या मुलाला वा मुलीला थोडे येते त्यांना पुढे करा. 'फ्री'ची आज्ञा देऊन स्वॅपची ओळ बघा. शून्य असेल तर वरील सहा पायऱ्या करा आणि त्या एका कागदावर लिहून भिंतीला लावा. कळमनुरीच्या त्या मुलीने तर शेजारच्या दोन घरांतील संगणक तपासून दिले आहेत. आता तिला काही येत नाही, असे ती म्हणत नाही.

जयभीम.