श्यामच्या आईचे कर्ज

आमच्या घरी मूल जन्माला आले तेव्हा भेट म्हणून ‘श्यामची आई’च्या तीन प्रती आल्या. देणारे तिघेही मराठीचे प्राध्यापक. जागरणे, दवाखाना, पगार यांबद्दल एकानेही अवाक्षर काढले नाही. ‘संस्कार’ हा शब्द मात्र तिघांच्याही तोंडी होता. त्या जागरणांतच आम्ही पुस्तक पुन्हा वाचले आणि ते आपण आजवर अर्धेच शिकवत आलो, अशी शंका आली.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या ४२ रात्री. त्यांतून आपण वेचतो ते मुक्या कळ्या आणि विहिरीतले पोहणे. पण तेथेच सावकाराचा तगादा आहे, लहानग्या यशवंताचा मृत्यू आहे, आजाराने आणि अपमानाने खंगून गेलेली बाई आहे. आदर्श आई म्हणून जिच्यापुढे आपण हात जोडतो, ती दारिद्र्यात मरते. गुरुजींनी यातले काहीही लपवलेले नाही. लपवले ते आपण, प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी.

त्याच काळात र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ चालवीत होते. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या या माणसाने स्वतः मूल होऊ दिले नाही. (गुरुजीही अविवाहित. मराठीतील पालकत्वाचे दोन थोर विचारक निपुत्रिक असावेत, ही गंमत नोंदवून ठेवतो.) श्यामचे घर कर्व्यांनी पाहिले असते तर आईच्या गुणांआधी तिची बाळंतपणे मोजली असती, आणि आमच्या मते ते योग्यच झाले असते. तरीही मूल हवेसे का वाटते, याचे उत्तर त्यांच्या हिशेबात सापडत नाही. ते शोधायला पुन्हा त्या मातीच्या घरातच जावे लागते.

१९५३ मध्ये अत्र्यांचा ‘श्यामची आई’ पडद्यावर आला. पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्याच १९५३ च्या ऑक्टोबरात कर्वे गेले आणि त्यांचे मासिकही थांबले. आजही पदवीच्या वर्गात या दोघांना एका तासाला शेजारी बसवणारा शिक्षक आम्हांला क्वचितच भेटतो. आम्हीही तो धीर फार उशिरा केला.

तीनपैकी एक प्रत आम्ही गेल्या महिन्यात नुकत्याच बाप झालेल्या एका सहकाऱ्याला दिली. सावकाराच्या प्रकरणांवर पेन्सिलीने खुणा करून.